उजव्या हाताला मैया

कुत्रं आधी अक्कांना चावलं आणि मग मला. थोरल्या जावेचा मान तिथेही चुकला नाही.

सेमलखेडीच्या धर्मशाळेची पायरी, माघातली गारठ्याची सकाळ, आणि हातात टिक्कड घेऊन वाकलेल्या अक्का. टिक्कड म्हणजे नर्मदाकाठची जाडजूड रोटी. परिक्रमेला निघाल्यापासून आमचं जेवण तेच होतं, आणि त्याचा पहिला तुकडा कुत्र्याला घातल्याशिवाय अक्का स्वतः घास घेत नसत. त्या दिवशी समोर एक तपकिरी कुत्रं मान खाली घालून उभं होतं. तोंडातून लाळ गळत होती. मी म्हटलं, अक्का, याला राहू द्या, हे काही बरं दिसत नाही.

"तुला आजवर कुठलं कुत्रं बरं दिसलंय?" असं म्हणून अक्का पुढे झाल्या. "ये रे राजा."

राजानं टिक्कडाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं लुगड्यासकट अक्कांची पोटरी धरली. मी हातातला दंडा त्याच्या पाठीत घातला, तसं ते वळलं, माझ्या तळहाताच्या कडेला दात लावले, आणि काही घडलंच नाही अशा चालीनं शेताकडे निघून गेलं.

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमचं कऱ्हाडला भांड्यांचं दुकान. दोन भाऊ, दोन जावा आणि एक चूल. अक्कांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी नर्मदा परिक्रमेचा संकल्प बोलून ठेवला होता. पण दुकानातून त्यांचा पाय निघायच्या आधी ते स्वतःच गेले. वर्षश्राद्ध झालं आणि अक्कांनी जाहीर केलं की तो संकल्प आता त्या पुरा करणार. सोबतीला कोण, तर मी. मला देवधर्मात फारसं कळत नाही, पण अक्का निघाल्या म्हटल्यावर आमच्या घरात दुसरं कुणी काही ठरवायची पद्धत नव्हती.

परिक्रमेचे नियम ओंकारेश्वराला निघतानाच गुरुजींनी समजावले होते. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची. तिचं पाणी एका बाटलीत भरून बरोबर वागवायचं आणि शेवटी ओंकारेश्वराला वाहायचं. तिच्या पाण्यात साबण लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मैया ओलांडायची नाही. पलीकडे पाऊल पडलं की परिक्रमा खंडित. काठावरची माणसं आपल्या पाया पडतील तेव्हा संकोच करायचा नाही, कारण तो नमस्कार आपल्याला नसतोच, तो मैयेला असतो. अक्कांनी यात स्वतःची थोडी भर घातली होती. साबण पाण्यात लावायचा नाही एवढंच नव्हे, तर जवळच बाळगायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं.

मी एक तुकडा बाळगला होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पिशवीच्या तळाशी. अक्कांचा डोळा लागला की मी गावातल्या हापशावर जाऊन तोंड धुऊन यायची.

आणखी एका बाबतीत आम्हा दोघींत फरक होता. अक्कांची लेक मुक्ता डॉक्टर. निघण्याच्या दीड महिना आधी तिनं आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाली, काठाकाठानं चालणार आहात, गावोगावी कुत्री आणि माकडं असतात, आणि धड दवाखाना कुठं किती लांब असेल याचा नेम नाही. आधीच कुत्र्याची इंजेक्शनं घेऊन ठेवा. पुढे काही चावलंच तर दोनच घ्यावी लागतील, आणि जखमेत टोचायचं ते सिरम, जे वेळेला मिळता मिळत नाही, ते लागणार नाही. मी लहानपणापासून कुत्र्याला भिते, त्यामुळे मी तिथल्या तिथे दंड पुढे केला. अक्का उठून उभ्या राहिल्या. मैयेच्या भरवशावर निघायचं आणि निघण्याआधी सुया टोचून घ्यायच्या, मग तो भरवसा कसला, असा त्यांचा सवाल होता. लेकीनं डोकं आपटलं, पण अक्का काही बधल्या नाहीत.

पुढे प्रत्येक आश्रमात माझी ओळख ठरलेली. "ही आमची धाकटी. कुत्र्याची इंजेक्शनं घेऊन परिक्रमेला आलीय." सगळे हसायचे. मीही हसायची, काय करणार.

त्या सकाळी मात्र कुणी हसलं नाही. आरडाओरडा ऐकून बायका धावत आल्या. एकीच्या हातात हळद, दुसरीच्या हातात तेलात कालवलेलं लाल तिखट. अक्का म्हणत होत्या की तिखट नको नि हळद नको, मैयेची ओली रेती बांधा, बास. माझ्या कानात मुक्ताचे शब्द घुमत होते. जखमेवर काही लावायचं नाही, बांधायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धूत राहायचं, चांगली पंधरा मिनिटं. मी अक्कांना धरून हापशावर नेलं आणि पिशवीच्या तळातून साबण काढला.

अक्का जखम विसरल्या. "परिक्रमेत साबण?"

"हापसा म्हणजे मैया नाही, अक्का."

"म्हणजे तू निघाल्यापासून हा बरोबर घेऊन हिंडतीयेस?"

मी म्हटलं, भांडण नंतर करू, आधी पाय पुढे करा आणि जपाची माळ काढा. दोन माळा सावकाश पुऱ्या होईपर्यंत पाणी थांबायचं नाही. धर्मशाळेचे म्हातारे महाराज हापसा मारायला उभे राहिले. अक्का "नर्मदे हर" म्हणत मणी ओढत होत्या, मी आधी त्यांची पोटरी आणि मग माझा तळहात चोळत होते, आणि दर पाचदहा मण्यांमागे अक्का माझ्याकडे अशा काही बघत होत्या की कुत्र्यापेक्षा मोठा गुन्हा माझाच होता. मला आजही ते आठवलं की हसू फुटतं.

दुसरी माळ संपत आली तेव्हा तिखटवाली बाई म्हणाली की याच कुत्र्यानं काल दोन शेळ्यांना चावे घेतले, कारण नसताना. माळ संपताच मी महाराजांना दवाखाना विचारला.

सरकारी दवाखाना गावाच्या टोकालाच होता. डॉक्टर साहू म्हणून एक तरुण मुलगा तिथे एकटाच सगळं बघायचा. त्यानं जखमा पाहिल्या, आम्हा दोघींच्या दंडात एकेक इंजेक्शन दिलं आणि मला विचारलं की आधी कधी घेतली होती का. मी मुक्तानं लिहून दिलेला कागद दाखवला. त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, मग तुमचं काम सोपं, आज एक आणि तीन दिवसांनी एक. मी अक्कांकडे पाहिलं. अक्का भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या.

अक्कांचं मात्र सोपं नव्हतं. त्यांना पुढचा सगळा कोर्स तर घ्यावा लागणारच होता, शिवाय पोटरीतली जखम खोल होती आणि तिच्यात आजच्या आज सिरम जायला हवं होतं. ते साहूकडे नव्हतं. त्यानं फोन लावले. आमच्या काठावरच्या मोठ्या गावात संपलेलं होतं. पलीकडच्या काठावर, शहरातल्या दवाखान्यात होतं. नावेतून पलीकडे जायचं, की पुढं रिक्षा मिळते.

"मी मैया ओलांडणार नाही," अक्का म्हणाल्या.

साहूनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. अक्का शांत होत्या. त्यांनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढून मांडीवर घेतली. म्हणाल्या, "हे माझं पाणी नाही डॉक्टर. आमच्या माणसानं सोडलेल्या संकल्पाचं आहे. ते मी असं अर्ध्यात सांडू?"

साहू मला व्हरांड्यात घेऊन गेला. खालच्या आवाजात म्हणाला की कुत्रं पिसाळलेलं असेल तर हा रोग एकदा दिसायला लागला की त्यावर औषध नाही. जे करायचं ते आधीच करावं लागतं. सिरम आणलं तर ते इथे द्यायला तो तयार होता, बर्फाचा डबाही देत होता, पण पलीकडचा दवाखाना ते पेशंटच्या नातेवाइकाच्या हातातच देणार होता, ओळखपत्र बघून. एवढं बोलून तो थांबला. मी परिक्रमेत आहे हे त्यालाही माहीत होतं, आणि तो स्वतः नर्मदाकाठचाच होता. जा म्हणायला त्याची जीभ रेटेना.

मी आत जाऊन अक्कांना सांगितलं की डॉक्टर कुणाकडून तरी मागवतायत, तुम्ही पडून राहा, मी जरा घाटावर बसून येते. आणि डबा पदराखाली घेऊन निघाले.

घाटावर हरलाल केवटाची नाव होती. पलीकडे सोडतोस का म्हटल्यावर त्यानं माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे, दंड्याकडे, खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"माताजी, आप तो परिक्रमावासी हो. मेरी नाव से मैया पार करोगी तो पाप मुझे लगेगा."

मी त्याला कुत्र्याचं सांगितलं, अक्कांचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण तो नावेच्या दोरीला हात लावेना. त्याच्या बापानं आणि आज्यानं कधी परिक्रमावासीला पलीकडे नेलं नव्हतं. ऊन वर चढत होतं. शेवटी मी पायरीवर बसले, पिशवीतून माझी बाटली काढली आणि टोपण उघडलं.

मी अक्कांची सोबत म्हणून आले होते, माझा कसला संकल्प, असं मी स्वतःला निघाल्यापासून सांगत आले होते. पण रोज सकाळी त्या बाटलीतलं चमचाभर पाणी मैयेला देऊन चमचाभर परत घ्यायचं, तिला उन्हापासून जपायचं, रात्री उशाशी ठेवायचं, असं करता करता ते पाणी माझं कधी झालं ते कळलंच नव्हतं. ते त्या क्षणी कळलं, आणि फार वाईट वाटलं. मग मी बाटली उपडी केली. पाणी मैयेत मिसळलं.

हरलालला म्हटलं, "आता मी परिक्रमावासी नाही. साधी बाई आहे. आता चल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं दोरी सोडली. मी त्याच्याकडून एकच वचन घेतलं, की हे अक्कांना कळता कामा नये.

मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. निघताना घाबरले होतेच. पण नाव मध्यावर आली आणि माझं सगळं भय कुठल्या कुठे गेलं. परिक्रमेत मैया एका काठावरूनच दिसते. तीन महिने मी तिच्याकडे मान उजवीकडे वळवून बघत आले होते. इथे ती माझ्या दोन्ही बाजूंना होती, मागं पुढं होती, आणि दोन्ही काठ एकाच वेळी दिसत होते, इकडचा गव्हाचा आणि तिकडचा देवळांचा. ऊन पाण्यावर पसरलं होतं. मी हात बुडवला आणि मला कारण नसताना हसू आलं. हरलाल माझ्याकडे बघून गोंधळला आणि मग तोही हसला.

दवाखान्यात ओळखपत्र दाखवलं, सही केली, डब्यात बर्फावर बाटल्या ठेवून घेतल्या. परतताना हरलालनं नाव अशी हाणली की काही विचारू नका. उतरल्यावर मी रिकामी बाटली पुन्हा भरून घेतली, नुसती दिसायला. त्यात संकल्प नव्हता, पाणीच होतं. हरलालनं पैसे घ्यायला साफ नकार दिला.

साहूनं आधी थोडंसं देऊन अंगावर काही उठत नाही ना ते पाहिलं आणि मग जखमेच्या कडेकडेनं सिरम टोचलं. अक्का जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या, बाळंतपणातसुद्धा नाही असं त्याच सांगतात. त्या दिवशी ओरडल्या. नंतर घाम पुसून मला विचारलं, "कुणी आणलं?"

"नाववाल्यानं," मी म्हटलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या लुगड्याच्या ओल्या काठाकडे पाहिलं आणि माळ मागितली.

तीन दिवस आम्ही सेमलखेडीतच राहिलो. त्या दरम्यान ते कुत्रं शेताच्या बांधावर मरून पडलेलं सापडलं. पुढे त्या दोन शेळ्याही गेल्या, हे साहूनं फोनवर कळवलं. ते ऐकल्यावर अक्कांनी हात पुढे केला. मग मला म्हणाल्या, तो साबण इकडे दे. मला वाटलं फेकतायत. त्यांनी तो नीट गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

तिथून पुढची परिक्रमा म्हणजे एक मौजच झाली. साहूनं पुढच्या तारखा सांगितल्या होत्या, आणि वाटेत त्या त्या दिवशी कुठल्या गावात दवाखाना लागेल ते मुक्ता घरून फोनवर शोधून ठेवायची. एकादशी चुकली तर चालेल पण इंजेक्शनचा दिवस चुकता कामा नये, असं अक्कांचं झालं. शेवटच्या इंजेक्शनला तर त्यांनी नर्सबाईला खडीसाखर दिली. आश्रमांतली माझी ओळखही बदलली. "ही आमची धाकटी. निघताना इंजेक्शनं घेऊन आली. मी शहाणी, मी नाही घेतली." आणि मग समोर बसलेल्या परिक्रमावासींची झडतीच. इंजेक्शन घेतलंय का, साबण आहे का, जखमेला तिखट लावायचं नाही हे ठाऊक आहे का. एका संन्याशाला त्यांनी असं धारेवर धरलं की तो जेवण अर्धं टाकून ध्यानाला बसला.

मी त्यांच्या मागं मागं चालत होते. मैया उजव्या हाताला होती, पण माझ्या लेखी मी आता परिक्रमेत नव्हते, अक्कांना पोचवायला चालले होते. मनात खंत होती असं नाही. पोटरीचा व्रण भरत आला होता आणि अक्का माझ्यापेक्षा भराभर चालत होत्या, यापरतं दुसरं काय हवं होतं.

ओंकारेश्वराला पोचलो तेव्हा चैत्र लागला होता. घाटावर अक्कांनी आपली बाटली हातात घेतली, तिला डोकं टेकवलं आणि भाऊजींचं नाव घेऊन रडल्या. मग मला म्हणाल्या, चल, तुझीही घे.

मी म्हटलं, तुम्ही वाहून या, माझे पाय दुखतायत, मी इथेच बसते.

अक्का माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. "शरयू, सेमलखेडीपासून तू एकाही माणसाला तुझ्या पाया पडू दिलेलं नाहीस. कुणी वाकलं की बाजूला सरकतेस आणि मला पुढं करतेस. मला दिसत नाही होय?"

मी पिशवीचं तोंड आवळलं.

"नाववाल्यानं आणलं म्हणे. नाववाल्याला कोण देतंय औषध? तू सांगशील म्हणून इथवर वाट बघितली. लबाड ती लबाडच." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझं पाणी सांडू नये म्हणून स्वतःचं सांडून आलीस. आणि मी तुला साबणावरून बोलले."

मी म्हटलं, असू दे हो अक्का, मला कुठं एवढं देवाचं कळतंय.

"तुला कळत नाही तेच बरं," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आता ऐक. माझी झाली, तुझी राहिलीय. देवउठनी एकादशीला, आपल्या कार्तिकीला, निघायचं."

"मी एकटी?"

"एकटीला कशी सोडीन? कुत्र्याला भितेस तू. आणि मला आता काय, चावलंच तर दोनच घ्यायची. मुक्ताला विचारलंय मी."

दुकानात सगळ्यांनी कपाळावर हात मारला, पण अक्का निघाल्या म्हटल्यावर आमच्या घरात दुसरं कुणी काही ठरवायची पद्धत नव्हतीच. त्या वर्षी देवउठनीला आम्ही पुन्हा ओंकारेश्वराहून निघालो. या वेळी बाटली माझी होती, संकल्प माझा होता, आणि अक्का सोबतीला होत्या. साबणाची अख्खी वडी त्यांनीच घेतली होती.

सेमलखेडीला पोचलो तेव्हा पुन्हा माघच होता. धर्मशाळेच्या पायरीवर एक पिल्लू शेपूट हलवत उभं होतं. अक्कांनी त्याला टिक्कड घातलं, पण चांगलं लांबून, काठीच्या टोकानं पुढं सरकवून. आम्ही घाटावर गेलो. हरलाल नाव धूत होता. त्यानं वर पाहिलं, मला ओळखलं, माझ्या हातातला दंडा पाहिला, खांद्यावरची पिशवी पाहिली आणि हातातलं डबडं टाकून पायऱ्या चढत आला. आधी तो अक्कांच्या पाया पडला. मग माझ्याकडे वळला.

सवयीनं मी बाजूला सरकायला लागले. मागून अक्कांनी दंड्याच्या टोकानं माझ्या टाचेला हळूच ढोसलं.

"उभी राहा नीट," त्या म्हणाल्या.

मैया माझ्या उजव्या हाताला वाहत होती. हरलाल वाकला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.